जाहिरात चांगली, माहितीपट बरा, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नाही!

कोरडी_घागर

नमस्कार मंडळी. मी लातूरला पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बरेच दिवस नुसती वाचायचे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

या सत्राला आमच्या पाच जणांच्या गटाला एक माहितीपट आणि त्याच्या तीन जाहिराती करायच्या होत्या: पोस्टर, तीस सेकंदांची रेडिओ जाहिरात आणि पेपरातली पाव पान जाहिरात. माहितीपटाला ६०, जाहिरातींना २० आणि स्वतःच्या कामाचं स्वतःच मूल्यमापन करणाऱ्या अहवालाला २० गुण.

विषय घेतला २०१६ ची पाण्याची रेल्वे. मिरजेहून लातूरला आली ती. तेव्हा आम्ही सगळे प्राथमिक शाळेत होतो, पण घागरींच्या रांगा आठवतात. चौदा मिनिटांचा माहितीपट केला. पोस्टरवर भेगाळलेली जमीन, तिच्यावर आडवी पडलेली तांब्याची घागर, मागे धूसर इंजिन आणि वर ओळ: "तहानेला रूळ फुटले तेव्हा..." ही ओळ माझी, म्हणून जरा जास्तच लाडकी आहे. रेडिओ जाहिरातीत इंजिनची शिट्टी, झुकझुक आणि शेवटी पाण्याचा एकच थेंब. शिवाय हौसेनं एक रिक्षा भोंगा लावून दिवसभर फिरवली.

हॉल भरला. मागं उभे राहिले लोक. आणि सातव्या मिनिटापासून मागच्या दाराची कडी वाजायला लागली ती शेवटपर्यंत.

गुण: जाहिराती १७, माहितीपट ३१, अहवाल ९. सरांनी कागदावर एकच वाक्य लिहिलंय: "जाहिरात चांगली आहे, फक्त ती या माहितीपटाची नाही."

माझा प्रश्न सरळ आहे. जाहिरातीचं काम माणसं आणायचं ना? आम्ही आणली. मग हे वाक्य अन्यायाचं नाही का?

तिरकस

लग्नाची पत्रिका भारी होती, जेवण बेचव होतं. पाहुणे पत्रिकेचे गुण वेगळे देत नाहीत, ताई.

बाभळगाव_फाटा

मी त्या दिवशी हॉलमध्ये होतो (पुतण्या त्याच कॉलेजात आहे). खरं सांगू का, राग मानू नकोस. रिक्षातला भोंगा ऐकून मला वाटलं, त्या वेळचं सगळं पुन्हा बघायला मिळणार. जमावबंदी लागली होती तो मार्च महिना, टाकीवरची भांडणं, पहिली गाडी आली ती रात्र. आत आलो तर पहिली चार मिनिटं एक अधिकारी खुर्चीत बसून आकडे सांगतायत. ते आकडे पेपरात तेव्हाच वाचले होते: दहा वाघिणी (टाकीचे डबे), पाच लाख लिटर, ११ एप्रिलला मिरजेहून निघाली आणि १२ ला लातूरला पोचली, पुढं पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. बरोबर आहे सगळं. पण पोस्टरवर घागर होती, अधिकारी नव्हते!

प्राध्यापक_नांदेड

मी असे प्रकल्प दरवर्षी तपासतो, म्हणून तपासणाऱ्याच्या बाजूनं दोन शब्द.

जाहिरातीचे गुण आम्ही नुसते "किती देखणी" यावर देत नाही. तिनं कुणाला काय कबूल केलं आणि कलाकृतीनं ते पाळलं का, हे बघतो. तुमच्या सरांनी १७ दिले, म्हणजे जाहिरातीच्या हाती होतं ते तिनं केलं. कबुली मोडली माहितीपटानं, म्हणून तिथले गुण गेले. मी असतो तर जाहिरातीचेही तीन-चार कापले असते.

अहवालात ९ का पडले, ते न वाचताही सांगू शकतो. "या प्रकल्पातून आम्हाला खूप काही शिकायला मिळालं, संघभावना वाढली, वेळेचं नियोजन कळलं." बरोबर?

कोरडी_घागर

@प्राध्यापक_नांदेड सर, "संघभावना" पहिल्याच परिच्छेदात आहे. दोनदा.

शंभर_वॅट

ध्वनीवाला आहे, म्हणून ध्वनीचंच विचारतो. युट्यूबला टाकलेला तुकडा ऐकला. आजींच्या मुलाखतीत मागं जी घरघर आहे ती छताच्या पंख्याची. बाई बोलताना पंखा बंद करायचा असतो. उकडतंय हे मान्य, एप्रिलात लातुरात पंखा बंद करा म्हणणं म्हणजे पापच, पण पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून घ्यायचे. शिवाय मुलाखत संपल्यावर कुणीही न बोलता त्या खोलीची अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवायची. दोन वाक्यं जोडताना मधली फट तिनंच भरते, नाहीतर प्रत्येक कटला कानात खड्डा पडतो.

अधिकाऱ्यांच्या खोलीत ट्यूबलाइट लुकलुकतेय तेही सांगून टाकतो. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची. मोबाइलच्या कॅमेऱ्यात शटर १/५० किंवा १/१०० ला बांधा, लुकलुक जाईल. आपोआपवर ठेवलं की तो मनाला येईल ते करतो.

परभणीचा_पाहुणा

जाहिरातीचं म्हणाल तर आमच्या गावाएवढी जाहिरात कुणाला जमली? "जगात जर्मनी, भारतात परभणी." आतला माहितीपट कसा आहे, हे रस्त्यावरून गाडी चालवली की कळतं. :)

सौ_उदगीर

@परभणीचा_पाहुणा 😂 धागा पळवू नका हो.

कोरडी_घागर, पोस्टर बघितलं. सुंदर आहे. पण ती भेगाळलेली जमीन आपल्याकडची वाटत नाही गं. भेगांच्या कडा वर वळलेल्या, माती पांढरट-पिवळी. आपली काळी चिकणमाती फाटते तेव्हा भेग खोल जाते, हात घातला तर कोपरापर्यंत. आणि कडेला कापसाची नाहीतर तुरीची खुंटं असतात. कुठं काढला फोटो?

कोरडी_घागर

... इंटरनेटवरून घेतला. फुकट वापराचा होता. कुठल्या देशातला ते खाली लिहिलेलं नव्हतं.

तिरकस

रूळ फुटले ते तहानेला नाही, परदेशवारीला.

रूळ_आणि_रस्ता

मला रेडिओ जाहिरातीबद्दल बोलायचंय, आणि राहवत नाही म्हणून जरा लांबण लावतो.

ती शिट्टी आणि झुकझुक वाफेच्या इंजिनाची आहे. २०१६ साली "जलदूत", म्हणजे ती पाण्याची गाडी, ओढत होतं डिझेल इंजिन. त्याचा भोंगा वेगळा, घशातून खरडल्यासारखा, आणि उभं असताना त्याची जी धडधड जमिनीतून पायाला लागते ती कुणी विसरत नाही. मी स्वतः पलीकडच्या पुलावरून बघितलंय.

पण गंमत अशी की वाफेच्या इंजिनाचा आवाज लातूरला अगदीच परका नाही. याच मार्गावर पूर्वी बार्शी लाइट रेल्वे होती, अडीच फुटांची नॅरोगेज. १८९७ ला कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९११ ला लातूरपर्यंत आली आणि दुसऱ्या अंगानं १९२७ ला मिरजेपर्यंत पोचली. म्हणजे ज्या मिरज-लातूर वाटेनं पाणी आलं, ती वाट त्या छोट्या गाडीनं आखलेली. आमचे आजोबा सांगायचे, चढावर गाडी इतकी हळू व्हायची की माणूस उतरून पाय मोकळे करून पुन्हा चढायचा. पुढं या शतकात ती ब्रॉडगेज झाली म्हणून तर पन्नास वाघिणींची गाडी येऊ शकली. नॅरोगेजवर ते जमलंच नसतं.

आणि त्या वाघिणी होत्या तेलाच्या. राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेनं धुऊन, स्वच्छ करून आणलेल्या. यातलं एक वाक्यसुद्धा तुमच्या चौदा मिनिटांत नाही. मला वाटतं हे आलं असतं तर निम्मे लोक थांबले असते.

अंबाजोगाईकर

निम्मे म्हणजे तुम्ही आणि तुमचे मित्र. :) हलकेच घ्या.

माझं मत उलट आहे. माहितीपटात माहिती कोंबायची हौस हाच रोग आहे. नावातच "माहिती" आहे म्हणून पोरं गॅझेटियर वाचून दाखवतात. पूर्वी "अनुबोधपट" म्हणायचे, तेव्हा बोध कोंबायचे.

जुनी_रिळं

अनुबोधपट म्हटल्यावर मला आमचं टॉकीज आठवलं. सिनेमा सुरू व्हायच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची रिळं दाखवणं थिएटरांना सक्तीचं होतं. १९४८ सालची ही सरकारी संस्था. पडद्यावर धरणं, खतं, लसीकरण, मागं तो धीरगंभीर आवाज. आम्ही तेवढ्यात बाहेर जाऊन शेंगा घ्यायचो. आवाज थांबला की आत. आता मोठा झाल्यावर कळतं, त्यात काही फार चांगली होती, पण "सक्ती" हीच त्यांची जाहिरात होती.

आणि आपल्या माणसानं तर याचा श्रीगणेशाच केला. सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. १८९९ मध्ये मुंबईत हँगिंग गार्डनला कुस्ती चित्रित केली. १९०१ ला केंब्रिजला गणितात पहिले आलेले रँग्लर परांजपे विलायतेहून परत आले, ते स्वागतही टिपलं. तेव्हा "माहितीपट" हा शब्दही नव्हता.

प्राध्यापक_नांदेड

इंग्रजीतला "डॉक्युमेंटरी" हा शब्द या अर्थानं स्कॉटिश दिग्दर्शक जॉन ग्रिअर्सननं १९२६ ला एका परीक्षणात वापरला. वास्तवाची सर्जनशील मांडणी, असं तो पुढं म्हणायचा. परीक्षेत विद्यार्थी "वास्तव" लिहितात आणि "सर्जनशील" विसरतात, नाहीतर कोरडी_घागर यांच्यासारखं उलटं करतात: वास्तव माहितीपटात, सर्जन पोस्टरवर.

भोंगावाला

माझ्या नावावरून कळलंच असेल, आमचा रिक्षा-भोंग्याचा धंदा आहे, औसा रोडला. यांची रिक्षा मीच फिरवली. (हो, त्याच!)

जाहिरातीचं माझ्याकडून घ्या. रिक्षा गल्लीतून जाते, माणूस दारात असतो, त्याच्या कानावर जेमतेम दोन वाक्यं पडतात. म्हणून आम्ही पहिल्यांदा गाव, मग दिवस, मग काय आहे ते सांगतो. "लातूरकरांनो" म्हटलं की माणूस मान वर करतोच. या पोरांनी लिहून दिलेला मजकूर असा होता: "मानवी संघर्षाची आणि जिद्दीची एक हृदयस्पर्शी कहाणी." मी म्हणलं, ताई, हे चौकात चालतंय, गल्लीत न्हाई. मग मी माझ्या मनानं घातलं: "आठवतंय का, नंबर लावून घागर ठेवली होती? यायलाच लागतंय!" हॉल त्यानं भरला. पोस्टरनं नव्हं.

कोरडी_घागर

@भोंगावाला काका, तुम्ही वाक्य बदललं होतं???

भोंगावाला

बदललं की. आणि तीनदा म्हणलं.

बाभळगाव_फाटा

खरंय. मी ते "नंबर लावून घागर" ऐकूनच आलो. आणि चौदा मिनिटांत नंबराच्या घागरी दिसल्याच नाहीत.

शंभर_वॅट

म्हणजे सगळ्यात परिणामकारक जाहिरात ही गुणपत्रिकेतच नव्हती. वा!

तीस सेकंदांच्या रेडिओ जाहिरातीचं गणित कुणाला हवं असेल तर: मराठीत निवांत वाचलं तर साठ-पासष्ट शब्द बसतात, त्यातले दहा नाव-वेळ-ठिकाण खातात. आवाजाचे इफेक्ट घातले की आणखी कमी. यांच्यात सत्त्याऐंशी शब्द मोजले मी. निवेदक रेल्वे चुकल्यासारखा धावतोय.

पानगाव_एक्सप्रेस

मला पोस्टर आवडलं. बाकी माहीत नाही. पुढील लेखनास शुभेच्छा.

सौ_उदगीर

मी काल रात्री पूर्ण माहितीपट बघितला, दोनदा. (लिंक पुतण्याकडून मिळवली, रागवू नका.) आता जरा लक्ष देऊन वाच कोरडी_घागर, कारण इथं सगळे पंखे आणि इंजिनं मोजतायत आणि एक गोष्ट कुणाच्या नजरेत आलेली नाही.

अकराव्या मिनिटाला त्या आजी आहेत. ओट्यावर बसून लसूण सोलतायत. तुमच्यातला कुणीतरी विचारतो, रेल्वेचं पाणी आलं तेव्हा कसं वाटलं? ठरलेला प्रश्न, ठरलेल्या उत्तरासाठी. आजी लसूण सोलायची थांबत नाहीत. म्हणतात, "रेल्वे आली म्हणून टीव्हीत सांगलाले होते बघ. पण माझ्या घागरीत पडलेलं पाणी रेल्वेचं का कुठल्या बोअरचं, ते पाणी थोडंच सांगतंय? टँकर यायचा, आम्ही भरायचाव."

आणि तिथं तुम्ही कट मारून पुन्हा इंजिनाचा फोटो लावलाय!

अगं, तोच तुमचा माहितीपट आहे. साऱ्या देशानं बघितलेली गाडी, आणि ज्या गावात आली तिथल्या बाईला आपण तिचं पाणी प्यालो की नाही हेच माहीत नाही. मी तेव्हा लातुरात माहेरी होते. आमच्याही गल्लीत कुणाला सांगता आलं नसतं. गाडीचं पाणी स्टेशनाकडं उतरायचं, शुद्धीकरणाला जायचं, मग टँकरमध्ये, मग आमच्यापर्यंत. त्यात विहिरींचं, बोअरचं, आजूबाजूच्या धरणांतून आणलेलं, सगळं मिसळलेलं. घागर काय ओळखणार?

अंबाजोगाईकर

अंगावर काटा आला. सौ_उदगीर यांना अनुमोदन.

रूळ_आणि_रस्ता

मान्य. मी इंजिनाच्या नादात आजींवरून पुढं गेलो होतो. माझी वाघिणींची माहिती आजींच्या वाक्यानंतर आली तर अर्थ आहे, आधी आली तर नाही.

तिरकस

आज धाग्यात एका रेल्वेप्रेमीनं चूक कबूल केली. तारीख लिहून ठेवा.

प्राध्यापक_नांदेड

सौ_उदगीर, तुम्हाला बाह्य परीक्षक म्हणून बोलवायला हवं.

कोरडी_घागर, आता खरं सांगा. काम कुठल्या क्रमानं झालं? आधी माहितीपट की आधी पोस्टर?

कोरडी_घागर

पोस्टर.

विभागाला फलकावर लावायचं होतं म्हणून पोस्टर महिनाभर आधी मागितलं. तेव्हा आमचं चित्रीकरण एक दिवसाचंच झालं होतं. "तहानेला रूळ फुटले" ही ओळ सगळ्यांना इतकी आवडली की पुढं संकलनाला बसल्यावर प्रत्येक वेळी "पोस्टरशी जुळतंय का" असं बघत गेलो. आजींचं ते वाक्य मी दोनदा काढून टाकलं होतं. मैत्रिणीनं भांडून परत घातलं. मला वाटलं, आजी रेल्वेविरुद्ध बोलतायत, मग रूळ फुटले कसं म्हणायचं?

हे लिहिताना मला स्वतःलाच कसंतरी होतंय.

प्राध्यापक_नांदेड

हेच अहवालात लिहिलं असतं तर ९ चे १६ झाले असते. मूल्यमापन म्हणजे आम्ही काय केलं याची डायरी नव्हे. कुठं ठरवलं, का ठरवलं, आणि त्याचं पडद्यावर काय झालं. "दोनदा काढलं, मैत्रिणीनं परत घातलं" हे एक वाक्य संघभावनेच्या दोन परिच्छेदांवर भारी आहे.

अंबाजोगाईकर

प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया कशा घेतल्या होत्या?

कोरडी_घागर

गुगल फॉर्म. सगळ्यांनी "खूप छान", "अप्रतिम", "असेच करत राहा". एकानं "चहा थंड होता".

अंबाजोगाईकर

त्या चहावाल्याचा प्रतिसाद जपून ठेवा, खरं बोलणारा तेवढाच.

आमच्या नाट्यमंडळाची एक पद्धत सांगतो. एका माणसाला पडद्याकडं पाठ करून पुढच्या कोपऱ्यात बसवायचं. त्यानं खेळ बघायचा नाही, चेहरे बघायचे. हातात घड्याळ आणि वही. कितव्या मिनिटाला पहिला मोबाइल उजळला, कुठं हसले, कुठं पोरं कुजबुजली, कोण उठलं. अंधारात मोबाइल उजळला की चेहरा निळा होतो, लपत नाही. आमच्या एका प्रयोगाला बाराव्या मिनिटाला एकदम सहा निळे चेहरे दिसले. तो प्रसंग कापला. फॉर्म भरताना माणूस तुमचं मन राखतो, अंधारात राखत नाही.

सौ_उदगीर

आणि सगळ्यात आधी दाखवा त्या आजींना. दाखवला का?

कोरडी_घागर

नाही. :(

त्यांना हॉलला बोलावलं होतं, पण गुडघे दुखतात म्हणून आल्या नाहीत.

बाभळगाव_फाटा

मग हॉल आजींकडं न्या. पोरांनो, चौदा मिनिटांचंच तर आहे.

जुनी_रिळं

अवांतर: निवेदनाची मराठी कुठली? ऐकताना वाटलं, पुण्याहून आवाज मागवलाय. आजी "भरायचाव" म्हणतात आणि लगेच खाली प्रमाण मराठीत पट्टी येते: "आम्ही भरत असू." लातूरच्या हॉलमध्ये लातूरच्या बोलीला भाषांतर? कुणासाठी?

परभणीचा_पाहुणा

आमच्यासाठी. आम्ही "करायलोत" म्हणतो, तुम्ही "करलालाव" म्हणता. पट्टी नसती तर मला आजी काय "लालाव" म्हणतायत ते कळलंच नसतं.

जुनी_रिळं

@परभणीचा_पाहुणा उगी खोटं बोलू नका. समद्यांना समजतंय.

शंभर_वॅट

पट्टी असू द्या, पण आजींच्याच शब्दांत लिहा. पंख्याच्या घरघरीत एखादा शब्द निसटला तर वाचता तरी येईल. बहिऱ्या प्रेक्षकांनाही उपयोगी.

कोरडी_घागर

मंडळी, पंधरा दिवसांनी परत आलेय. धागा वर काढते, माफ करा.

सर म्हणाले गुण बदलणार नाहीत, पण पुन्हा संकलन करून दाखवायला हरकत नाही. आम्ही केलं. आता नऊ मिनिटांचा आहे. सुरुवात लसूण सोलण्यानं होते, आजींच्या वाक्यानं. अधिकारी चार मिनिटांऐवजी चाळीस सेकंद. कोट्याला धुतलेल्या वाघिणी आल्या (@रूळ_आणि_रस्ता धन्यवाद), पण आजींच्या नंतर. शेवटी पावसाळ्यात मांजरा धरण भरलं तो भाग ठेवलाय, आणि त्यावरही आजीच बोलतात. निवेदन पूर्ण काढलं.

परवा संध्याकाळी लॅपटॉप आणि शंभर_वॅट यांनी सांगितलेला छोटा स्पीकर घेऊन आजींकडं गेलो. ओट्यावर मांडलं. गल्लीतल्या सात-आठ बायका, पोरं. मी पडद्याकडं पाठ करून बसले, वही घेऊन. एकही निळा चेहरा नाही (गल्लीत रेंजही नव्हती, ते वेगळं).

आजींनी पूर्ण बघितलं. स्वतःला बघून पदर सारखा केला. संपल्यावर पहिलं काय विचारलं असेल?

"ते पोस्टरावरचं तांब्याचं घागर कुणाचं गं? माझं न्हाई."

मी सांगितलं की मैत्रिणीच्या घरून आणलं, फोटोत छान दिसतं म्हणून. तर म्हणाल्या, "त्या साली तांब्याचं घागर कोण रस्त्यावर ठिवंल? प्लास्टिकच्या होत्या. लाल, निळ्या, पिवळ्या. बुडाला खिळ्यानं नंबर कोरलेला." आणि आत जाऊन घेऊन आल्या. निळी, एका बाजूनं चपटी झालेली, आता तिच्यात गव्हाची चाळ भरून ठेवलीय. बुडाला ३४. शेजारच्या काकू म्हणाल्या, माझा ३५ होता, हिनं एकदा माझ्यापुढं लावली होती. तिथं दहा वर्षांपूर्वीचं भांडण पुन्हा सुरू झालं, आम्ही ते रेकॉर्ड करायला विसरलो.

सौ_उदगीर

३४! नवं पोस्टर हेच.

कोरडी_घागर

तेच केलंय. काळ्या मातीवर निळी घागर, उलटी, बुडावरचा ३४ समोर. माती औशाच्या शेतातली, कोपरापर्यंत हात घालून बघितला. ओळ बदलली: "हे पाणी कुठलं?" जुनी ओळ टाकून देताना रडायला आलं होतं, खोटं कशाला बोलू.

तिरकस

"तहानेला रूळ फुटले" ही मी कवितेसाठी घेऊ का? टाकून दिलीयच तर.

कोरडी_घागर

नाही!!

प्राध्यापक_नांदेड

एक शंका उरतेच, म्हणून विचारतो. घागर उलटी ठेवून फोटो काढलात, म्हणजे मांडणी केलीतच. अमेरिकन दिग्दर्शक फ्लाहर्टीनं १९२२ च्या त्याच्या प्रसिद्ध एस्किमो माहितीपटात कॅमेऱ्याला उजेड मिळावा म्हणून अर्धाच इग्लू बांधून घेतला होता, त्यावरून अजून वाद चालतो. तांब्याची घागर मांडली तर खोटी आणि निळी मांडली तर खरी, हे कशावरून?

अंबाजोगाईकर

सर, निळी आजींची आहे.

बाभळगाव_फाटा

आणि ३५ वाल्या काकूंचा आक्षेप नाही तोवर खरी.

प्राध्यापक_नांदेड

वादासाठी विचारलं होतं. पण हा प्रश्न तुमच्या अहवालात असू द्या, उत्तरासकट.

रूळ_आणि_रस्ता

रेडिओ जाहिरातीचं काय झालं? डिझेलचा भोंगा घातला ना?

कोरडी_घागर

इंजिनच काढलं. आता फक्त प्लास्टिकच्या घागरीत पाणी पडायचा आवाज आहे, रिकामीपासून काठोकाठ भरेपर्यंत. भरत जाते तसा आवाज बारीक होत जातो ना, तो. त्यावर आजींचं वाक्य आणि शेवटी ठिकाण-वेळ. एकूण एकोणचाळीस शब्द. @शंभर_वॅट मोजून बघा.

शंभर_वॅट

मोजले. एकोणचाळीसच. पंखाही बंद आहे. आता माझं काही म्हणणं नाही.

पानगाव_एक्सप्रेस

लिंक?

कोरडी_घागर

आजींनी मुलाला विचारून सांगते म्हटलंय. होकार आला की टाकते.

भोंगावाला

ताई, लिंक टाका नाहीतर नका टाकू. मागच्या वेळचे रिक्षाचे तीनशे रुपये राहिलेत. आणि पुढच्या खेळाला माझं वाक्य तसंच ठेवा, आता नंबराची घागर आत आहे.

कोरडी_घागर

काका, उद्या आणून देते. वाक्य तुमचंच.